सहा महिन्यांत एक चक्कर मारली म्हणून ग्रीन कार्ड वाचत नाही

मुलांमुळे अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळालेले, पण वर्षाचा बराच काळ पुण्या-नाशिकात राहणारे आई-वडील ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर असतात, तिथे एक मेसेज सारखा फिरतो. दर सहा महिन्यांनी अमेरिकेत पाय लावून आलं की कार्ड सुरक्षित. री-एन्ट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्यासाठी आधीच घेतलेला परवाना, हा वकिलांचा धंदा. लागलंच तर ते भारतातून मागवता येतं, आणि ते असलं की विमानतळावर कोणी काही विचारत नाही, सिटिझनशिपची वर्षंही मोजली जातात. हा सल्ला ऐकून सत्तरीतली माणसं अडचणीत येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सहा महिन्यांची गोष्ट कुठून आली ते कळतं. सलग 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर कायदा तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा मानू शकतो. पण त्याआधी परतलात म्हणजे प्रश्न मिटला, असं कायदा कुठेही म्हणत नाही. अधिकारी बघतो की तुमचं कायमचं घर खरोखर कुठे आहे. साडेपाच महिने कोथरूडला, पंधरा दिवस मुलाकडे न्यू जर्सीत, पुन्हा कोथरूड, हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून त्याला लगेच दिसतं. मग प्रश्न सुरू होतात: इतके दिवस का लागले? तिथे घर आहे का? इथे अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरता का? रिटर्न ‘नॉन-रेसिडेंट’ म्हणून भरलं असेल तर फारच पंचाईत, कारण आपण इथले रहिवासी नाही असं तुम्हीच लिहून दिलेलं असतं.

कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली, तरी वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिल्यावर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. परमिट लागतं ते इथे. आय-131 हा फॉर्म स्वतः भरता येतो, वकील सक्तीचा नाही.

भारतातून अर्ज मात्र चालत नाही. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेतच असायला हवं. नंतर बोटांचे ठसे द्यायला बोलावणारं पत्र येतं, आणि सगळा घोळ इथेच होतो. अर्ज टाकून आई-बाबा पुण्याला पोहोचलेले असतात, पत्र मुलाच्या पत्त्यावर येऊन पडतं. ठसे दिले नाहीत तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणून शक्यतो ठसे देऊनच निघा. तयार परमिट परदेशातल्या अमेरिकी वकिलातीत पाठवा, असं अर्जातच सांगता येतं. ‘भारतातून मागवता येतं’ यात खरं आहे ते एवढंच.

परमिट असलं की कोणी काही विचारत नाही, हेही चूक. केवळ जास्त दिवस बाहेर होता म्हणून तुम्ही घर सोडलंत असं धरता येत नाही, इतकंच संरक्षण ते देतं. बाकीचे प्रश्न राहतातच. ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं आणि वाढवून मिळत नाही. नवं हवं असेल तर पुन्हा अमेरिकेत जाऊन अर्ज करायचा.

सिटिझनशिपचं तर विचारूच नका. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर त्यासाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटतं, परमिट असो वा नसो.

आजारपणामुळे वर्ष उलटून गेलं आणि परमिटही नाही, अशांना मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत एसबी-1, म्हणजे परतणाऱ्या ग्रीन कार्डधारकांचा व्हिसा मागता येतो. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे सिद्ध करावं लागतं, तेव्हा हॉस्पिटलचे कागद जपून ठेवा. आणि विमानतळावर कोणी आय-407 पुढे केला, तर तो ग्रीन कार्ड स्वखुशीने परत करण्याचा फॉर्म आहे हे लक्षात घ्या. वीस तासांच्या प्रवासानंतर, भाषेची अडचण असताना, घाबरून त्यावर सही करू नका. सही नाकारण्याचा आणि इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे.