आजींना दिसला, मला 'असावा'

शेजारच्या आजींना व्हेइल नेब्युला हा तेजोमेघ दिसला. मला दिसला नाही. म्हणजे मला 'असावा' इतपत दिसला आणि त्यांना 'हा काय!' इतका. गोष्ट कालचीच आहे, त्यामुळे मी समतोल बुद्धीने लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मागच्या अंगणात आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, तिच्या आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, बुडाला आटे फिरवून बसवलेला ओ-थ्री फिल्टर, डोक्यावर हंस तारकासमूह. एवढं पुरे. फिल्टर नवा. काच बोटाच्या दोन पेरांत मावते आणि तिची खरी किंमत मी अजून घरात सांगितलेली नाही.

लोकांना वाटतं, फिल्टर लावला की तेजोमेघ उजळतो. छे! फिल्टर बाकीचं सगळं मंद करतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, म्हणजेच ओ-थ्री, ४९६ आणि ५०१ नॅनोमीटर अशा दोन हिरवट रेषांत चमकतो. फिल्टर तेवढ्याच आत घेतो, उरलेल्या प्रकाशाला दारातूनच वाटेला लावतो. तारे मलूल होतात, आभाळ काळं होतं आणि त्या काळ्यात राखाडी काहीतरी दिसावं अशी अपेक्षा असते. दीर्घिकांना या फिल्टरचा काडीचा उपयोग नाही, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. जाहिरातीत मात्र फिल्टरशेजारी गुलाबी-निळा तेजोमेघ छापलेला असतो, आणि छापणाऱ्याला रात्री शांत झोप लागत असावी.

या हिरव्या रेषेनं माणसांना आधीही बनवलंय. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तर त्यात ही रेषा. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग नवंच मूलद्रव्य असणार असं ठरलं, त्याचं 'नेब्युलियम' असं बारसंही झालं. शेवटी १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की हा आपला ऑक्सिजनच, फक्त इतका विरळ की पृथ्वीवर त्या अवस्थेत गाठ पडत नाही. त्रेसष्ट वर्षं जगातल्या शहाण्या माणसांना समोरचा ऑक्सिजन ओळखता आला नव्हता. काल रात्री मला या माहितीचा फार आधार वाटला.

तर, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि एका झगझगीत दिव्यानं ते सगळं क्षणात पाण्यात जातं. म्हणून मी डोक्यावरून काळं कापड घेतो. दुर्बीण आणि मी, दोघं मिळून त्या कापडात. श्वास रोखलेला, आयपीसवर डोळा, नळीला हलकी टिचकी, कारण मंद वस्तू हलली की डोळ्याला लवकर सापडते. आणि कुंपणापलीकडून आवाज आला,

"काय रे, वाफ घेतोयस?"

आजी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना झोप लागत नाही, मोबाइल त्या वापरत नाहीत आणि विजेची उधळपट्टी नको म्हणून त्या घरातले दिवे मालवून बसतात. उजव्या बाजूचं ते अंधारं अंगण हा माझा या वस्तीतला एकमेव मित्र.

"नाही आजी, तेजोमेघ बघतोय."

"कापडातून?"

"कापड उजेड अडवायला."

"मग दिसतं कशानं?"

याला उत्तर नव्हतं. तोवर त्या कुंपणाच्या फटीतून अलीकडे आल्याही होत्या. मी खुर्ची दिली.

"कुठला डोळा लावू?"

"जो चांगला असेल तो."

"दोन्ही चांगलेत. दोन्ही नवे आहेत." मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून आजी डोळ्यांबद्दल असंच बोलतात.

त्यांनी डोळा लावला. इथे एक सांगायला हवं. आजी कोणाकडेच सरळ बघत नाहीत. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर फाटकावर असते, आणि तरी तुमच्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय हे त्याच तुम्हाला सांगतात. आयपीसमध्येही त्या तशाच, जरा कडेनं बघत होत्या. मी सूचना द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"हां. आहे."

"काय आहे?"

"धूर."

"कसा धूर?"

"वाकडा. कमानीसारखा. मध्ये विरलाय. खालच्या टोकाला दोन-तीन शेपट्या सुटल्यात." मग जरा थांबून, "कशाचा रे?"

"एक तारा फुटला होता आजी. हजारो वर्षांपूर्वी."

"आणि अजून धुमसतोय? मग कोणी वेळेवर लक्ष दिलं नाही."

मी त्यांना जवळजवळ उठवलंच. डोळा लावला. कडेनं पाहिलं, वरून पाहिलं, टिचकी मारली, श्वास धरला, सोडला.

"दिसला?"

"असावा."

"असावा म्हणजे? आहे की नाही?"

"आजी, हे इतकं सोपं नसतं—"

"तू रोखून बघतोयस. रोखून बघितलं की कोणीही काढता पाय घेतो."

वर्षानुवर्षं निरीक्षकांना घोकावी लागणारी गोष्ट ही बाई शेजाऱ्यांवर नजर ठेवता ठेवता शिकली! डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यभागी अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी नसतातच, त्या बाजूला दाटलेल्या असतात. सरळ बघाल तर गमवाल. हे मला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असल्याचा उपयोग तोंडालाच होतो.

त्यातून डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं आणि निळ्या-हिरव्या बाजूचा उजेड थोडा थोडा गिळत राहतं. आजींचं पिवळं भिंग काढून स्वच्छ बसवलेलं. माझं पन्नाशीतलं, मूळचंच. म्हणजे मी एक फिल्टर पैसे मोजून घेतला आणि त्याच्या बरोबर उलटा दुसरा मला वयानं फुकट बसवून दिला.

पण सगळा दोष मी डोळ्यांवर ढकलणार नाही. डावीकडच्या शेजाऱ्यांचा फ्लडलाइट आहे. पांढरा, एलईडी, रात्रभर चालू, तोंड निम्मं आभाळाकडे. सुरक्षिततेसाठी, म्हणतात. वरून येणाऱ्या चोरांची त्यांना भीती असावी. सोडियमचे जुने पिवळे दिवे परवडले. त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, फिल्टर तो सहज परतवायचा. पांढऱ्या एलईडीत माझ्या त्या दोन रेषांच्या जागीही उजेड असतो, आणि तो तेजोमेघाच्या तिकिटावर आत शिरतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षल यांनी ५ सप्टेंबर १७८४ रोजी हाच नेब्युला शोधला, फिल्टर नव्हता, ऑक्सिजनची रेषा ठाऊक नव्हती. त्यांच्या दुर्बिणीचा आरसा मोठा होता, मान्य. पण शेजारी फ्लडलाइट नव्हता हे कोणी लिहीत नाही. त्या शेजाऱ्यांना मी एकदा दिव्यावर झाकण बसवायला सुचवलं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच पडदा लावा ना." आभाळाला! सुमारे चोवीसशे वर्षं वाट तुडवत आलेला उजेड, शेवटच्या पंधरा फुटांत मार खातो, आणि त्याबद्दल बोललं की आपणच विक्षिप्त ठरतो. हे मला खरोखरच हसण्यावारी नेता येत नाही.

असो. आज सकाळी आजींचे चिरंजीव फाटकाशी उभे होते. चेहरा गंभीर.

"आई म्हणाली, तुम्हाला रात्रीचं दिसत नाही."

"दिसतं हो. ते फार मंद—"

"लाजायचं काय त्यात? आईचं ऑपरेशन झालं, आता बघा. डॉक्टरांचा नंबर पाठवतो."

मी तेजोमेघ, दंडपेशी, ऑक्सिजन, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं, आपण आजारी माणसाचं ऐकतो तसं.

"तोवर आईनं सांगितलंय, आमच्या मागच्या भिंतीवर एक लाइट लावून घ्यायचा. तुमच्या बाजूला तोंड करून. अंधारात धडपडता म्हणे. संध्याकाळी वायरमन येतोय."

"अहो, नको!"

"खर्चाची काळजी करू नका. आणि रात्रभर नाही जळणार, सेन्सरवाला आहे. तुम्ही जरा हललात की आपोआप लागतो."