‘नोड रिकामे, तरी जॉब रांगेत’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

३२ नोड (एकत्र जोडलेल्या संगणकसमूहातील, म्हणजे क्लस्टरमधील, संगणक) मागणारा आपला जॉब (गणनेचे काम) दोन दिवस रांगेत अडकला, नोड रिकामे दिसत असतानाही तो सुरू झाला नाही आणि मागाहून आलेले छोटे जॉब पुढे गेले, यावरून आमच्या क्लस्टरवर वशिला चालतो असा निष्कर्ष आपण काढला आहे. नोंदी तपासल्या असता तो टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामे दिसलेले नोड आपल्याच जॉबसाठी राखले जात होते. आपला प्रोग्राम एमपीआयवर, म्हणजे अनेक नोडवरच्या प्रोसेसना आपसांत निरोप पाठवू देणाऱ्या व्यवस्थेवर, चालतो. त्याच्या सर्व प्रोसेस एकदम सुरू व्हाव्या लागतात आणि गणिताच्या प्रत्येक फेरीअखेर त्या एकमेकींसाठी थांबतात; त्यामुळे ‘मिळतील तेवढ्या नोडवर सुरू करा, उरलेले मागाहून द्या’ ही आपली सूचना मानली असती, तर आधी मिळालेले नोड आपल्या खर्चाने नुसतेच ताटकळले असते.

छोटे जॉब पुढे गेले ते बॅकफिलमुळे, म्हणजे मोठ्या जॉबसाठी नोड जमेपर्यंतच्या फटीत छोटे जॉब चालवण्याच्या पद्धतीमुळे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी यंत्रासाठी ही पद्धत ‘ईझी’ नावाने घडली. आम्ही वापरतो त्या स्लर्म या रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही बॅकफिल आहे. चालू जॉबच्या जाहीर मुदतींवरून (जॉब पाठवताना मागितलेल्या कमाल वेळेवरून) रांगेतील पहिल्याची सुरू होण्याची वेळ ठरते आणि त्या वेळेला धक्का न लावणारा जॉबच मधल्या फटीत सोडला जातो. चालू जॉब मुदतीआधी संपले, तर फटीत शिरलेल्यामुळे पहिल्याला क्वचित थांबावे लागते, हे खरे; परंतु आपल्या बाबतीत तसे घडलेले नाही.

घडले ते असे की आपण ७२ तास मागितले आणि जॉब ६ तासांत संपला. पहिल्या रात्री आपण रांगेत दुसरे होता आणि पुढच्या मोठ्या जॉबसाठी जमत असलेले ३२ हून अधिक नोड सकाळपर्यंत मोकळे होते. मुदत ८ तासांची असती, तर आपला जॉब त्याच फटीत बसला असता. मुदत संपताच जॉब बंद पाडला जातो, म्हणून लोक ऐसपैस मागतात, हे समजण्यासारखे आहे, पण आपला प्रोग्राम चेकपॉइंट लिहितो (पुढे तिथूनच सुरू करता यावे म्हणून मधली स्थिती साठवतो), तेव्हा ही भीती आपल्याला फारशी नसावी.

रांगेतील वेळेचे शुल्क आम्ही घेत नाही, त्यामुळे परताव्याची मागणी मान्य करता येणार नाही. पुढच्या खेपेस एसबॅच या जॉब पाठवण्याच्या आज्ञेचा ‘टेस्ट-ओन्ली’ पर्याय वेगवेगळ्या मुदती देऊन चालवून पाहावा. जॉब न पाठवताच तो सुरू होण्याची अंदाजित वेळ दिसते.

कळावे,
संचालक