लीड्सला किती?

आमचे जावई इंग्लंडात, लीड्सला असतात. स्वभावाने गरीब, खाण्यापिण्याची कटकट नाही, सासुरवाडीला आले की स्वतःचं ताट स्वतः उचलतात. खोड एकच. घरामागच्या परसात त्यांनी काचेचं ग्रीनहाऊस बांधलंय. आठ फूट बाय सहा फूट. आमच्या गोरेगावच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं, हे बायको मला न विचारता सांगते. यंदा डिसेंबरात लेक, जावई आणि नातू आले, आणि येताना ते ग्रीनहाऊस मोबाइलमध्ये घालून घेऊन आले.

आत काय जपलंय म्हणाल, तर कढीपत्ता, गवती चहा, मोगरा आणि एक लिंबू. म्हणजे आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जे लावल्याचं कोणाला आठवत नाही आणि छाटायला कोणाला सवड नाही, ते सगळं. इथे कढीपत्ता भाजीवाला कोथिंबिरीबरोबर पिशवीत टाकतो, वर पैसे विचारले तर त्यालाच अपमान वाटतो. पण ओला कढीपत्ता सामानातून तिकडे नेता येत नाही. लिंबाच्या जातीच्या झाडांना रोग लावणारी एक बारीक कीड कढीपत्त्यावरही राहते, म्हणून विमानतळावर तो जप्त होतो. तेव्हा फोडणी हवी तर झाड वाढवा, आणि झाड वाढवायचं तर हिवाळाभर त्याला दवाच्या बर्फापासून वाचवा.

त्यासाठीचा सरंजाम जावईबापूंनी मला पहिल्याच रात्री समजावला. काचेला आतून बबल रॅप. बुडबुड्यांत अडकलेली हवा थंडी अडवते. झाडांवर रात्री पांढरं हलकं कापड. मध्ये पंख्याचा हीटर, थर्मोस्टॅट 5 अंशांवर, म्हणजे पारा त्याखाली गेला की हीटर आपोआप लागतो. आतला थर्मामीटर वायफायवरून पारा फोनवर कळवतो. पाणी घालायचं ते सकाळी आणि बेतानं, कारण रात्री ओल राहिली की पानांवर राखाडी बुरशी येते. ऊन पडलं तर छपराची झडप दोन बोटं उघडायची, तीही बुरशीसाठीच. मी म्हटलं, ‘‘रॉकेलचा स्टोव्ह का नाही ठेवत? आमच्या वेळी...’’

‘‘बाबा, लिटरभर रॉकेल जाळलं की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ होते. सगळी काचेवर.’’

रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहण्यात तारुण्य गेलं, पण ही माहिती त्या रांगेत कोणी दिली नव्हती.

आता खरी गोम घड्याळात आहे. तिकडे डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे आपले सव्वानऊ. आमची पानं वाढली की लीड्सचा पारा उतरायला लागतो. सगळ्यात गारठा सूर्योदयाच्या जरा आधी. तिथला सूर्य सव्वाआठनंतर उगवतो, म्हणजे आपले पावणेदोन. थोडक्यात, जावई जेवायला बसले की कढीपत्ता मरायला टेकतो. रात्री भात कालवताना पहिला अंदाज, दुपारी भात कालवताना निकाल. मध्ये ‘‘आकाश निरभ्र आहे’’ असं फोनने सांगितलं की जावयाचं तोंड उतरतं. ढग म्हणजे गोधडी. नसले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. लीड्सला ढग आले म्हणून गोरेगावात श्रीखंड आणलेलं मी पाहिलंय.

आणि ही सगळी चिंता चालते एसीत. बाहेर 32 अंश, जावयाला उकडतं, म्हणून हॉलचा एसी 20 वर. इथे गार करायचं बिल माझं, तिथे गरम करायचं त्यांचं. बायको शाल गुंडाळून पोळ्या लाटते आणि सोसायटीत सांगते की यंदा थंडी आहे.

थंडीवरून आठवलं. मुंबईचा नीचांक 7.4 अंश, सांताक्रूझ, 22 जानेवारी 1962. म्हणजे ज्या आकड्याला जावईबापूंचा हीटर नुसता जागा होतो, तिथवर हे शहर नोंदीत कधी उतरलेलंच नाही. आम्ही मात्र आरेच्या बाजूने जरा वारा सुटला आणि पारा सोळावर आला की कानटोप्या काढतो. वॉचमन तर अठरालाच काढतो.

तर एका रविवारी. तळलेली सुरमई, सोलकढी, जावयाने नुकताच काटा बाजूला काढलेला. फोन किंचाळला. 4.2. हीटर लागेल म्हणून सगळे थांबलो. 3.9. घास हातातच. 3.6.

‘‘वीज ट्रिप झाली असणार,’’ जावई उठले. ओल आणि वीज एका खोलीत नांदत नाहीत. वायफाय मात्र घरातल्या वेगळ्या लाइनवर आणि थर्मामीटर सेलवर, त्यामुळे आपला नाश अगदी वेळच्या वेळी कळत होता.

खरकट्या हाताने शेजारच्या आजीबाईंना व्हिडिओ कॉल लागला. तिकडे साडेसात, मिट्ट काळोख. गाउनवर कोट, हातात टॉर्च, तोंडातून वाफ. त्या गवतावरून चालल्या तेव्हा बुटाखाली करकर आवाज आला, आणि आमच्या डायनिंग टेबलावर कोणी श्वास घेईना. काचेला बाहेरून पांढरा थर. दार उघडलं, आजीबाईंनी टॉर्च फिरवला, पांढरं कापड हलकेच वर केलं.

कुंडीत एक काडी. काडीला वर चार-सहा पानं, तीही पिवळट, एक आमच्यासमोर गळलं.

‘‘हा कढीपत्ता?’’ बायको म्हणाली.

जावयाच्या बाबतीत मी तिला डोळ्यांनी गप्प करतो, पण त्या दिवशी माझेही डोळे ऐकेनात. लेकीने सोलकढीत तोंड घातलं. जावईबापू शांतपणे म्हणाले, ‘‘आई, गारठ्यात तो पानं टाकतो. झोपतो. मार्चनंतर फुटतो.’’ आजीबाईंनी बटण वर केलं, हीटर घरघरला, 3.6 चे 3.7 झाले, आणि नातवाने टाळ्या वाजवल्या. सुरमई गार झाली होती. एसी 20 वर, दुसरं काय होणार?

ही बातमी बायकोने माहेरी निफाडला कळवली. निफाडकरांना मुंबईच्या थंडीचं हसू येतं, ते बरोबरच आहे. तिथे पारा पाच-सहावर आला की द्राक्षाचे मणी तडकतात, आणि माणसं रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसतात. मेहुण्याचा फोन आला. ‘‘दाजी, जावयाला सांगा, पहाटे ठिबकनं विहिरीचं पाणी सोडा. ऊन असतं ते.’’ मी सांगितलं की लीड्सला विहीर नाही. त्याला जावयाची कीव आली. ‘‘मग एवढं घर कशापायी घेतलं?’’

जावई परत गेले. जाताना मला म्हणाले, ‘‘बाबा, ऑफिसात मला सारखं बघता येत नाही. तुमच्या फोनवरही टाकून देतो.’’ नाही म्हणायची सोय नव्हती. आता दीडच्या सुमाराला बायको आधी लीड्सला किती ते विचारते, मग कुकर उघडते. रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली.

परवा पुन्हा निफाडहून फोन. ‘‘दाजी, आज लई कडाका. सहा पॉइंट दोन. तुमच्याकडं?’’

मी फोनवरूनच पाहिलं आणि सांगितलं, ‘‘चार पॉइंट आठ. पण हीटर लागलाय.’’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

‘‘गोरेगावात?’’ मेहुणा म्हणाला. ‘‘दाजी, सरपण धाडू का?’’