माशांचं पाणी, शेतकऱ्यांचं पाणी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीत संकटग्रस्त माशांसाठी पाणी सोडणं म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढणं, असं एका लेखात वाचलं. पटलं नाही. १९८८ पासून कोलोरॅडो, युटा, वायोमिंग ही राज्यं, केंद्र सरकार, कालवेवाले, वीजवाले आणि पर्यावरणवाले हे मासे वाचवण्यासाठी एकत्र बसतात. त्यासाठीच्या पैशाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं धरणांच्या वीजविक्रीतून आला. माशांचं काम नीट चालू असेल तर संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली प्रत्येक कालव्याला वेगळी लढाई लढावी लागत नाही. म्हणजे फायदा शेतकऱ्याचाच की!

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. कोलोरॅडोची उपनदी असलेल्या ग्रीन नदीत रेझरबॅक सकर या संकटग्रस्त माशाची नखाएवढी पिल्लं जाळीत दिसू लागली की त्या बेतानं त्याच नदीवरच्या फ्लेमिंग गॉर्ज धरणातून पाणी वाढवतात, म्हणजे ती वाहत काठच्या पाणथळीत शिरतात. आपल्याकडे कालवा सल्लागार समितीत आवर्तन ठरताना माशाचं नाव तरी निघतं का?

सगळं गोड आहे असंही नाही. तिथलाच हंपबॅक चब हा मासा २०२१ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत एक पायरी सुधारला खरा, पण बोनीटेल हा दुसरा मासा अजून हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवून सोडलेल्या माशांवरच तगून आहे. आणि बाहेरून आलेला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा पिल्लं फस्त करतो, त्याला आवरण्याचा खर्च वेगळाच.