गडाच्या तटाखाली पाणी जिरवू नका

पावसाळा लागला की परतवाडा-अकोट भागात मोबाइलवर एक मेसेज फिरतो: ‘दरड वाहत्या पाण्याने कोसळते. म्हणून गाविलगड, नरनाळ्याच्या उतारावर चर खोदा, पाणी जिरवा, झाडं लावा. आणि शेकडो वर्षं उभ्या असलेल्या गडाला होतंय काय?’ हेतू चांगला, पण सल्ला घातक आहे.

वाहत्या पाण्याने माती धुपते, ओघळी पडतात. अख्खा उतार सुटतो तो बहुतेक वेळा आत मुरलेल्या पाण्याने. इथला सातपुडा मुख्यतः काळ्या पाषाणाच्या थरांचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा चिकण पट्टा असतो. कातळाच्या फटींतून उतरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं. तिथे त्याचा दाब वाढत जातो आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. पाण्याने ओझंही वाढतं, पण खरा घात दाबाचा. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ती गावं सह्याद्रीतली, पण दोन्ही वेळा आधी मुसळधार पाऊस झाला होता.

सलग समतल चरांनी आपल्या कितीतरी गावांच्या विहिरींना पाणी आणलं, त्याबद्दल वाद नाही. पण ते काम मंद उतारावरचं. तटाखालच्या उभ्या उतारावर पाणी थांबवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं. जुन्या बांधकामात त्यासाठी मोऱ्या ठेवलेल्या असतात. दुरुस्ती करताना त्या सिमेंटने बुजवल्या की पाणी भिंतीमागे तुंबतं, भिंतीला पोट येतं आणि एका पावसाळ्यात ती बाहेर ढासळते. हे फार वाईट वाटतं, कारण एवढ्या जुन्या भिंतीचं नुकसान प्रेमापोटी होतं.

उतारावरची झाडं तोडू नयेतच. मात्र मुळं धरतात ती वरची एक-दोन मीटर माती. खालचा पट्टा सरकला तर झाडासकट सगळं खाली येतं. तटाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ तर दगडच उचकटतो.

राहिलं शेकडो वर्षांचं. गाविलगड पंधराव्या शतकातला आहे. तेवढ्या पावसाळ्यांत फटी रुंदावल्या, चुना झिजला. ढासळलेला तट तिथे जाऊन कुणीही पाहावा.

कड्याला समांतर नवी भेग, कोरड्या जागी फुटलेला गढूळ पाझर, अचानक कललेली झाडं, यातलं काही दिसलं तर खाली थांबू नका आणि लगेच तहसील कार्यालयाला कळवा. पाऊस उघडला तरी लगेच परतू नका, पाणी आत उतरतच असतं. दोन्ही गड संरक्षित स्मारकं आहेत. तिथे कुदळ लावण्याआधी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते.