आई गेल्यावर जुळ्यांचं काय होतं

घरात मृत्यू झाला की जमलेली माणसं मोठ्या पोराला म्हणतात, 'आता तूच बहिणीला सांभाळ.' भावंडं एकमेकांना धरून राहतील, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा ती एकमेकांपासून तुटतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जँडी नेल्सन यांची 'आय विल गिव्ह यू द सन' ही कादंबरी या तुटण्याबद्दल आहे. ती २०१४ साली आली. अमेरिकेत कुमारवयीन वाचकांच्या पुस्तकांसाठी असलेला प्रिंट्झ पुरस्कार तिला २०१५ मध्ये मिळाला. घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर ही वाचाच.

नोआ आणि ज्यूड ही जुळी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणारी. तेराव्या वर्षी नोआ बुजरा, मुलांच्या तावडीत सापडणारा, सतत चित्रं काढणारा. ज्यूड बिनधास्त, समुद्रावर रमणारी. सोळाव्या वर्षी सगळं उलटं झालेलं. नोआनं चित्रं सोडलीत, तो चारचौघांसारखा झालाय. ज्यूड मात्र केस कापून, ढगळ कपड्यांत स्वतःला लपवून, रोगराई लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून फिरते. मधल्या काळात आई मोटार अपघातात गेली. आधीची वर्षं नोआ सांगतो, सोळावं वर्ष ज्यूड सांगते, आणि दोघांचे भाग आलटून पालटून येतात.

लेखिकेची खरी हुशारी या मांडणीत आहे. आई गेल्याचं ज्यूडच्या पहिल्याच भागात कळतं. तो संपून नोआचा पुढचा भाग सुरू होतो, तर आई जिवंत! बोलते, रागावते, नोआच्या चित्रांवर जीव टाकते. ती जाणार हे आपल्याला माहीत असतं, त्या पोराला माहीत नसतं. मग तिचं साधं बोलणंही वाचवत नाही. दुःखावर लिहिणाऱ्यांनी हे नीट पाहावं. पहिल्या प्रकरणात माणूस मारायचा आणि पुढची दीडशे पानं त्याच्यासाठी रडायचं, ही चूक वारंवार होते. ज्या माणसाला वाचक भेटलाच नाही, त्याच्यासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येणार कुठून?

दुसरी गोष्ट अपराधी वाटण्याची. दोघांपैकी प्रत्येकाला वाटतं, झालं ते आपल्यामुळे. प्रत्येकाकडे एक गोष्ट दडवलेली आहे, आणि ती ऐकायला हवी अशी व्यक्ती म्हणजे नेमका तो जुळा भाऊ किंवा ती जुळी बहीण. नोआचं एका मुलावर प्रेम आहे, तेही असंच दडपलेलं. त्यामुळे प्रेमाची गोष्ट दुःखाच्या गोष्टीला वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही.

वाचताना सुरुवातीला गोंधळ होतो. नोआच्या डोक्यात सतत चित्रं चालू असतात आणि त्यांची नावं मजकुरात मधेच टपकतात. ती खरी घडलेली दृश्यं समजून वाचलं तर काहीच लागत नाही. प्रत्येक भागाच्या वर वय दिलंय, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि एक करू नका: आधी सगळा नोआ, मग सगळी ज्यूड, असं वाचू नका. एकानं झाकलेलं दुसऱ्याच्या भागात उघडं पडतं, ती सगळी गंमत जाते. पंधराच्या आतल्या मुलांना देण्याआधी स्वतः वाचा, काही प्रसंग जड आहेत.

ही मराठीत आणायची म्हटली तर आपल्या भाषेत एक घबाडच आहे. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द. जुळी एकमेकांशी बोलताना 'आपण' म्हणतील. नातं विस्कटलं की त्याच 'आपण'च्या जागी 'मी' आणि 'तू' आलं, तरी वाचकाला चटका बसेल. ज्यूडला आजीचे तोडगे पाठ आहेत: मुलानं मुलीला संत्रं दिलं की तिचं त्याच्यावरचं प्रेम वाढतं, वगैरे. ते तसेच ठेवा. कांद्याच्या जागी लिंबू-मिरची आणलीत तर ती कॅलिफोर्नियातली ज्यूड राहणार नाही.

आणि शीर्षक. ही भावंडं आपसात जग वाटून घेतात: झाडं, तारे, समुद्र, सूर्य. नोआनं काढलेलं एक चित्र ज्यूडला हवं असतं, आणि त्यासाठी ती एकेक करत सगळं सोडत जाते, शेवटी सूर्यसुद्धा. 'तुला सूर्य देते' असं भाषांतर केलं तर देणारी कोण ते मुखपृष्ठावरच फुटतं. 'देईन' म्हटलं की भाऊ देतोय की बहीण, ते त्या पानापर्यंत झाकलेलं राहतं.