शिसं उकळल्यानं मरत नाही

गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर असा: "जड धातू निसर्गातलेच आहेत, शरीराला त्यांची सवय असते. बोअरचं पाणी खडकातून गाळून येतं, त्यात विष नसतं. शंका असेल तर उकळा, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवा. टीडीएस पाचशेच्या आत असला की निर्धास्त प्या. कोळशाची राख म्हणजे मातीच, वावरात टाका." चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या टापूत कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांची राखड उडते. तिथली माणसं असल्या मेसेजच्या भरवशावर लेकरांना पाणी पाजतात, म्हणून यातलं एकही वाक्य तसंच सोडून देता येत नाही.

आधी ती 'सवय'. अमेरिकेतल्या कॅलटेकचे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. हे मोजमाप करताना हवेतलं, धुळीतलं, भांड्यांवरचं शिसं त्यांच्या नमुन्यांत घुसत राहिलं. एवढं शिसं आलं कुठून, याचा माग काढत ते पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशापर्यंत पोचले. उद्योगांच्या बाजूचे तज्ज्ञ तेव्हा नेमकं हेच सांगत होते, की शिसं नैसर्गिक आहे आणि शरीर ते पेलतं. पॅटरसन यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे जुने थर तपासले, पुढे पेरूमधल्या प्राचीन सांगाड्यांची हाडंही तपासली. त्या हाडांतलं शिसं आजच्या माणसाच्या मानानं शेकडो पटींनी कमी निघालं. म्हणजे ज्याला सगळे 'नेहमीचं' म्हणत होते, ते आपणच वाढवून ठेवलेलं होतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मुलांसाठी शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता बोअर. खडकातून झिरपताना गढूळपणा आणि बरेचसे जंतू अडतात, हे खरं. पण पाणी खडकातलं काहीबाही विरघळवतही असतं. बांगलादेशात जुलाब-पटकीपासून लोक वाचावेत म्हणून हापशा बसवल्या, आणि गाळाच्या थरांतलं आर्सेनिक लाखो लोकांच्या पोटात गेलं. विष कुणी टाकलं नव्हतं, ते जमिनीतच होतं. आपला खडक वेगळा आहे, त्यामुळे तिथलं आर्सेनिक इथेही असेलच असं मी म्हणणार नाही. पण यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कितीतरी गावांत दात पिवळे-तपकिरी करणारं फ्लोराइड कुठून आलं? खडकातूनच. फ्लोराइड जड धातू नव्हे, पण 'खोल म्हणजे शुद्ध' हा समज त्यानं कधीच खोटा पाडला आहे.

उकळण्याचा हिशोब तर कुणालाही घरी मांडता येतो. दोन लिटर पाणी उकळून दीड लिटर राहिलं, तर वाफ पाण्याची झाली, शिसं-आर्सेनिक भांड्यातच राहिलं. प्रत्येक पेल्यातलं त्याचं प्रमाण एक तृतीयांशानं वाढलं. जंतूंसाठी पाणी जरूर उकळा. तांब्याचंही तसंच, तांबं जंतू मारतं, शिसं काढत नाही. आणि कल्हई करून घेत असाल तर कथलात शिसं मिसळलेलं नाही, याची खात्री आधी करा.

मला सगळ्यात घातक वाटतं ते टीडीएसचं वाक्य, कारण त्यात आकडा आहे आणि आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. ते दाखवणारं मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक आणि शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. मीटरवर लिटरला ३२० मिलिग्रॅम दिसत असताना आर्सेनिक मर्यादेच्या दहापट झालं, तरी फरक ०.१ चा. मीटरवर ३२० च दिसणार. उलट अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मीटर हजाराच्या पुढे जातं ते क्षारांमुळे. तेवढ्यावरून त्या पाण्यात शिसं आहे असंही ठरत नाही.

राहिली राखड. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. कोळसा जळून जातो आणि त्यातले बहुतेक धातू उरलेल्या राखेत एकवटतात. आर्सेनिक, सेलेनियम यांची भट्टीत वाफ होते आणि धूर थंड होताना ती बारीक कणांच्या पृष्ठभागावर बसते, म्हणून पावसाच्या पाण्यात ते लवकर सुटतात. विटांत, सिमेंटमध्ये राखड बांधून टाकली तर धोका बराच कमी होतो. वावरात मोकळी टाकायची तर आधी राखेची तपासणी हवी, मातीचा सामू (पीएच) पाहायला हवा, एकरी किती टाकायची हे ठरवायला हवं. २०२२ च्या पावसाळ्यात कोराडीजवळचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत शिरला. तिथल्या शेतकऱ्याला जाऊन सांगा, ही मातीच आहे म्हणून.

ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवताना नुसतं 'पाणी तपासणी' लिहू नका. नेहमीच्या तपासणीत सगळे धातू येतीलच असं नाही. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, पारा अशी नावं घालून मागणी करा. हापशी काही मिनिटं चालवून मगच पाणी भरा, आणि बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवालात आकडा कमी दिसतो.